विद्यार्थ्याचं पहिलं क्रेडिट कार्ड : पगार नाही, सिबिल कोरं, मग कसं?

कोरी पाटी

कॉलेजात शिकणाऱ्या, अठरा पूर्ण झालेल्या पण पगार नसलेल्या मुलामुलींना स्वतःच्या नावावर क्रेडिट कार्ड कसं मिळतं, याची पक्की माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा काढतेय. ॲपवर अर्ज भरायला घेतला की 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यापाशी गाडी अडते. सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याच्या इतिहासावरून मिळणारा स्कोअर, तपासावं तर आकडाच दिसत नाही.

नेमके प्रश्न असे : पगाराची स्लिप नसताना कोणतं कार्ड मिळतं? ठेव ठेवावी लागत असेल तर किती आणि कोणाच्या नावावर? स्कोअर किती दिवसांनी दिसू लागतो? आणि अर्ज फेटाळला जाण्याची कारणं काय असतात?

"माझ्या ओळखीचा एजंट काढून देतो" अशी उत्तरं नकोत, प्लीज.

ताळेबंद

आधी एक गैरसमज काढू. सिबिल 'शून्य' असणं आणि सिबिल 'नसणं' या वेगळ्या गोष्टी आहेत. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. ज्याने आजवर कर्ज किंवा कार्ड घेतलेलंच नाही त्याच्या अहवालात आकड्याच्या जागी उणे एक किंवा 'एनएच' (नो हिस्टरी) असं काहीतरी येतं. म्हणजे वाईट नाही, कोरं. सिबिल ही असा स्कोअर काढणाऱ्या चार कंपन्यांपैकी एक. बाकीच्या तीन एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, आणि स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांनुसार पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वइतिहास नाही एवढ्याच कारणाने फेटाळू नये. हे वाचून बँकेत भांडायला जाऊ नका. बँक इतिहासावरून नाही म्हणाली नाही तरी उत्पन्नावरून म्हणू शकते, आणि विद्यार्थ्याचं खरं अडतं ते तिथेच.

म्हणून सरळ रस्ता एकच : मुदत ठेवीवरचं कार्ड. ठेव बँकेकडे तारण, त्यामुळे पगाराची स्लिप मागत नाहीत. बऱ्याच मोठ्या बँका असं कार्ड देतात. किमान ठेव साधारण पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत, बँकेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलती. खर्चमर्यादा ठेवीच्या ७५ ते १०० टक्के. ठेवीवर व्याज चालूच राहतं, फक्त तिच्यावर बँकेचा 'लीन' म्हणजे ताबा लागतो.

क्रम असा :

१. त्याच बँकेत स्वतःच्या एकट्याच्या नावाचं बचत खातं. पॅन, आधार आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर लागतो.

२. त्या खात्यातून ठेव. ती कर वाचवणारी पाच वर्षांची नको, कारण तिच्यावर तारण घेता येत नाही. 'मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण' हा पर्याय चालू ठेवा, नाहीतर ठेव पिकली की कार्डाचा आधारच जातो.

३. ॲपमध्ये किंवा शाखेत 'ठेवीवरचं कार्ड' असं स्पष्ट सांगून अर्ज. साध्या कार्डाचा फॉर्म भरलात तर तो उत्पन्नावर तपासला जातो, फेटाळला जातो, आणि चौकशीची नोंद मात्र अहवालात राहते.

४. वार्षिक शुल्क, व्याजदर, उशिराचं शुल्क हे सगळं एका पानावर लिहून मिळतं. सही करण्यापूर्वी ते पान मागून घ्या. वार्षिक शुल्क शून्य असलेली ठेवीवरची कार्डं मिळतात, विद्यार्थ्याने शुल्काचं घेऊ नये.

पैसे आईवडिलांचे असतील तर ते आधी मुलाच्या खात्यात वळते करून मग मुलाच्या नावाने ठेव करा. वडिलांच्या नावावरच्या ठेवीवर मुलाला कार्ड मिळत नाही, वडिलांनाच मिळतं. आईवडिलांकडून मिळालेल्या पैशावर मुलाला कर नाही, आणि मूल सज्ञान असल्याने ठेवीचं व्याज मुलाचंच उत्पन्न धरतात.

रोखठोक

सगळं ठीक, पण मुळात विद्यार्थ्याला कार्ड हवंय कशाला? वडापावपासून एसटीपर्यंत यूपीआय चालतं. कार्डाची सवय लागली की काय होतं ते आकड्यात मांडतो, मग ठरवा.

समजा व्याज महिना साडेतीन टक्के. १० जूनला १०,००० ची खरेदी, ५ जुलैला बिल, २५ जुलै शेवटची तारीख. बिलावर 'किमान देय ५००' असं ठळक छापलेलं असतं. मुलगा २५ तारखेला ५०० भरतो आणि निश्चिंत होतो.

५ ऑगस्टच्या बिलात काय येईल? व्याज २५ जुलैपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून लागतं. १० जून ते २४ जुलै, ४५ दिवस, १०,००० वर साधारण ५१८ रुपये. पुढचे १२ दिवस ९,५०० वर साधारण १३१. एकूण ६४९, त्यावर १८ टक्के जीएसटी ११७. म्हणजे ५०० भरून देणं ९,५०० वर नाही आलं, १०,२६६ झालं. शिवाय मधल्या काळात कार्डावर चहा जरी घेतला तरी त्या चहावर घेतल्या दिवसापासून व्याज, कारण मागची बाकी असताना बिनव्याजी मुदत मिळतच नाही.

वर्षाचा दर ४२ टक्के पडतो. गावाकडचा सावकारही आधी घसा खाकरून मग एवढा दर सांगेल.

ताळेबंद

रोखठोक यांचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. हे सगळं पूर्ण बिल न भरणाऱ्याला लागू. पूर्ण भरणाऱ्याला व्याज शून्य. आणि 'कशाला' याचं उत्तर दुचाकीचं कर्ज किंवा पहिल्या नोकरीनंतरचं साधं कार्ड. तेव्हा दोन वर्षांचा स्वच्छ इतिहास तयार असतो.

२० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कार्डाच्या व्याजावरची ३० टक्क्यांची मर्यादा उठवली, हेही ध्यानात असू द्या. ती मर्यादा ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातली होती. "कोर्टाने तीसच्या वर बंदी घातलीय" असं अजूनही फॉरवर्ड होत असतं, ते जुनं झालं.

उपाय एकच : कार्ड हातात आल्या दिवशी ऑटोपे लावा. तिथे दोन पर्याय येतात, 'एकूण देय' आणि 'किमान देय'. काही ठिकाणी किमान आधीच निवडलेलं असतं, ते बदला. पहिल्या बिलाला ऑटोपे लागू होईलच असं नाही, ते पहिलं बिल हाताने भरा. आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी खात्यात तेवढी रक्कम आहे ना बघा. ऑटोपे परतलं तर खात्याची बँक वेगळा दंड लावते आणि कार्डाची वेगळा.

आकडेमोड

बिलाची तारीख आणि भरण्याची तारीख यातला फरक नव्या माणसाला कळत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

बिल ५ तारखेला बनत असेल तर ६ तारखेची खरेदी पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या बिलात येते आणि त्यानंतर साधारण वीस दिवसांनी भरायची असते. म्हणजे जवळपास पन्नास दिवस बिनव्याजी. तीच खरेदी ४ तारखेला केली तर वीस-एकवीस दिवसच. घरून पैसे महिन्याच्या १ तारखेला येत असतील तर भरण्याची तारीख २ ते ७ च्या दरम्यान येईल असं चक्र मागून घ्या. चक्र बदलून देणं बँकेला बंधनकारक आहे, निदान एकदा तरी.

आता वापराचं प्रमाण, कारण त्यावरही स्कोअर ठरतो. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहा असं सगळे सांगतात. वीस हजारांच्या ठेवीवर १८,००० मर्यादा मिळाली तर तीस टक्के म्हणजे ५,४००. कॉलेजची फी १५,००० कार्डाने भरली की प्रमाण ८३ टक्क्यांवर गेलं. स्कोअर कंपन्यांकडे साधारणपणे बिलातली बाकी जाते. म्हणून मोठा खर्च झालाच तर बिल बनायच्या दोन-तीन दिवस आधीच ॲपमधून भरून टाका. मग बिलात कमी बाकी दिसते आणि नोंदही तशीच जाते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर उमटते.

तीस हा काही देवाने आखलेला आकडा नाही. एखाद्या महिन्यात चाळीस झाला म्हणून घाबरू नका. दर महिन्याला नव्वद नको एवढंच. स्कोअर उमटायला सहा महिने धरून चाला. एक लहान नियमित खर्च, मोबाइल रिचार्ज म्हणा किंवा महिन्याचा पास, कार्डावर टाकला तरी पुरतो.

चिंगी

आईच्या कार्डावर पुरवणी कार्ड घेतलं तर स्कोअर बनतो का? आणि शैक्षणिक कर्ज आधीच असेल तर?

ताळेबंद

पुरवणी कार्डाने बनत नाही. देणं मूळ कार्डधारकाचं, नोंदही त्याच्याच नावावर. अमेरिकेत अशा कार्डाने मुलांचा इतिहास बनतो, तिकडचे सल्ले इकडे लावू नका.

शैक्षणिक कर्ज असेल तर पाटी कोरी नाहीच. विद्यार्थी मुख्य कर्जदार असतो, पालक सहकर्जदार, नोंद दोघांच्याही अहवालात. शिक्षण संपेपर्यंत हप्ते नसतात, पण कर्ज खातं तिथे दिसतं. हप्ता सुरू झाल्यावर एक चुकला तर मुलाचा आणि वडिलांचा, दोघांचा स्कोअर एका दगडात. अर्जापूर्वी अहवाल उघडून ते खातं बरोबर नोंदलंय का बघा. चूक असेल तर स्कोअर कंपनीच्या साइटवर तक्रार टाकता येते, ती फुकट आहे. तीस दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे.

तोच अहवाल बघताना 'नंतर पैसे द्या' प्रकारच्या ॲपांची नोंदही शोधा. जेवण मागवताना एका बोटाने चालू केलेली ती सोय कागदोपत्री कर्ज असते. तीनशे रुपये विसरले की कोऱ्या पाटीवरची पहिली ओळच थकबाकीची.

पागोळी

कागदपत्रांत लोक कुठे अडकतात ते.

पॅन अठराच्या आधी काढलं असेल तर त्यावर फोटो आणि सही नसते. अठरा झाल्यावर ते अद्ययावत करून घ्यावं लागतं. शाळेतलं खातं 'अज्ञान' प्रकारात आणि पालकांच्या सहीवर असतं. सज्ञान झाल्यावर शाखेत जाऊन नव्याने केवायसी आणि नमुना सही दिल्याशिवाय त्यावर ठेव किंवा कार्ड निघत नाही. ॲप मात्र कारण न सांगता 'आपण पात्र नाही' एवढंच म्हणतं.

नाव तिन्ही ठिकाणी सारखं हवं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पॅनवर नाही, बारावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आडनाव आधी, हा आपल्याकडचा कायमचा घोळ. आधी पॅन-आधार जुळवा, मग अर्ज.

पत्ता : आधार गावचं आणि राहणं हॉस्टेलवर. आधारने केवायसी होत असेल तर सध्याचा पत्ता स्वघोषणेने देता येतो, तो पर्याय मागा. कार्ड कुरियरने येतं आणि ओळखपत्र पाहून कार्डधारकाच्याच हातात देतात. दुपारी बारा वाजता हॉस्टेलवर कोण असतं? दोन-तीन फेऱ्यांनंतर पाकीट परत जातं. कुरियरचा संदेश आला की वेळ ठरवून घ्या, किंवा गावचाच पत्ता देऊन सुट्टीत अर्ज करा.

नंदूरबारी

पागोळी यांच्या मुद्द्याला एक जोड, आणि ही महाराष्ट्रातल्या मुलांनी नक्की वाचावी.

महाडीबीटीची शिष्यवृत्ती अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आधारशी जोडलेल्या खात्यात येते. आधार एका वेळी एकाच खात्याकडे बोट दाखवतं, सर्वात शेवटी जोडलेल्या. कार्डासाठी नव्या बँकेत खातं उघडताना 'सरकारी अनुदान या खात्यात घ्यायचं आहे' अशी एक चौकट असते. घाईत तिथे टिक गेली की पुढची शिष्यवृत्ती नव्या खात्यात. पैसे बुडत नाहीत, पण मुलगा जुन्या पासबुकात शोधत बसतो आणि कॉलेज फीसाठी मागे लागतं.

चौकट रिकामी ठेवा. खातं उघडल्यावर आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' तपासा, बँकेचं नाव तिथे दिसतं. बदललं असेल तर जुन्या शाखेत आधार सीडिंगचा फॉर्म पुन्हा द्या.

खिसापाकीट

कार्ड आलं आणि ऑनलाइन चालतच नाही, अशी ओरड हमखास होते. कार्ड खराब नसतं. नवं कार्ड येतं तेव्हा फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर, तेही आत घालून, चालतं. ऑनलाइन, परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देणं हे तिन्ही ॲपमध्ये जाऊन आपण चालू करायचं असतं. ऑनलाइन चालू करा, परदेशी बंदच ठेवा. जीआरई परीक्षेची किंवा परदेशी विद्यापीठाची फी भरायची असेल त्या दिवशी उघडा आणि लगेच बंद करा. साध्या कार्डावर अशा व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आणि त्या जादा रकमेवर जीएसटी जातो. पेमेंटच्या पानावर 'रुपयांत भरायचं की डॉलरमध्ये' असं विचारलं तर डॉलर निवडा. रुपयांतला दर दुकानदाराच्या बाजूचा असतो, महाग पडतो.

तीस दिवसांत कार्ड सक्रिय केलं नाही तर बँक ओटीपीने संमती विचारते. दिली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत, काही न आकारता, खातं बंद.

रुपे कार्ड मिळत असेल तर तेच घ्या. ते यूपीआय ॲपला जोडता येतं आणि किराणावाल्याचा क्यूआर चालतो. पण तो क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. मेसच्या काकूंनी स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर भिंतीवर चिकटवला असेल तर कार्डातून पैसे जाणार नाहीत. मित्राला पाठवायलाही चालत नाही, आणि ते बरंच आहे.

एटीएममधून कार्डाने रोख काढू नका. शुल्क अडीच टक्के 'किंवा' किमान पाचशे असं बऱ्याच ठिकाणी असतं. दोन हजार काढले तरी पाचशे अधिक नव्वद जीएसटी, वर पहिल्या दिवसापासून व्याज.

रोखठोक

मेसच्या काकूंचा मुद्दा मान्य. तरी विचारतो : भरलं नाही तर बँक ठेव मोडून घेईल ना? मग स्कोअरला धक्का नाही, असं मुलं समजतात.

ताळेबंद

चुकीचं समजतात. बँक ठेव मोडते ती बाकी काही महिने थकल्यावर. तोवर उशीर अहवालात चढलेला असतो, आणि वसुलीनंतर खात्यापुढे 'बंद' ऐवजी 'सेटल्ड' (म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेलं) पडलं तर पुढचा बँकवाला त्या शब्दावरच बोट ठेवतो. एक सवलत मात्र आहे : शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांच्या आत भरलं तर उशिराचं शुल्क नाही आणि थकबाकीची नोंदही नाही. तारीख चुकली म्हणून हातपाय गाळण्याऐवजी त्याच दिवशी भरून टाका.

कोरी पाटी

खूपच कामाची माहिती. वाचनखूण साठवली. आणखी दोन प्रश्न. पतसंस्थेत आजीच्या नावाची ठेव आहे, ती मुलाच्या नावावर करून चालेल का? आणि नोकरी लागल्यावर हे कार्ड बंद करायचं असेल तर क्रम काय?

ताळेबंद

पतसंस्थेच्या ठेवीवर बँक कार्ड देत नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमासंरक्षणही नसतं, हे जाता जाता.

बंद करताना आधी ठेव मोडायला जाऊ नका, लीन असल्याने मोडणारच नाही. आधी ऑटोपेवर चालणारी सगळी सदस्यत्वं दुसरीकडे हलवा. मग शेवटचं बिल शून्य करा, बिलात न आलेले व्यवहारही धरून. मग कार्ड बंद करण्याची लेखी विनंती, ॲप किंवा मेलमधून. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, उशीर झाल्यास बँकेला दिवसाला पाचशे रुपये तुम्हाला द्यावे लागतात. बंद झाल्याचं पत्र घ्या, लीन उठला का बघा, मग ठेव. महिन्या-दीड महिन्याने अहवालात खातं 'बंद' दिसतंय ना तेही तपासा. बँकेने तीस दिवसांत तक्रारीला उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं.

पण घाई कशाला? शुल्क नसेल तर पगाराचं नवं कार्ड हातात येईपर्यंत हे चालू राहू द्या. वर्षभर वापरलंच नाही तर बँक कळवून ते बंद करू शकते, तेव्हा दोन-तीन महिन्यांतून एखादं रिचार्ज त्यावर टाका.

आकडेमोड

एक राहिलं. कार्ड आल्यावर आठ-दहा दिवसांत "मर्यादा वाढवून देतो" असे फोन सुरू होतात. ठेवीवरच्या कार्डाची मर्यादा ठेव वाढवल्याशिवाय सहसा वाढत नाही, त्यामुळे फोन खोटा धरून ठेवून द्या. ओटीपी दिला गेलाच तर आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला लेखी. तिन्ही त्याच दिवशी. चूक आपली नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल तर भुर्दंड आपल्यावर येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.